नवी तबकडी नको, पॉलिशही नको

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. माझे आजोबा गिरगावात डॉक्टर होते. १९५० च्या दशकात त्यांच्या एका व्यापारी पेशंटने बरं झाल्यावर त्यांना सोन्याचं मनगटी घड्याळ भेट दिलं, असं घरात सांगतात. आजोबांनी ते माझ्या वडिलांना त्यांच्या लग्नात दिलं. वडील गेल्या वर्षी गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. कपाट आवरताना घड्याळ सापडलं. तबकडीवर 'पाटेक फिलिप, जिनिव्हा' असं इंग्रजी अक्षरांत आहे. आकाराने दहाच्या नाण्यापेक्षा जेमतेम मोठं, त्यामुळे मुलगा म्हणतो हे लेडीज घड्याळ आहे. चावी दिली की तासभर चालतं आणि थांबतं. आमच्या ओळखीच्या सराफाने वजन केलं, हॉलमार्क नाही म्हणून घट धरून मोडीचा भाव सांगितला. घड्याळजी म्हणाले, तबकडी पिवळी पडली आहे, ती नवी रंगवून आणि केस (बाहेरचं सोन्याचं कवच) पॉलिश करून 'एकदम शोरूमसारखं' करून देतो. घड्याळ सध्या त्यांच्याकडेच आहे. आम्ही तीन भावंडं. थोरल्याला ठेवायचं आहे, दुबईला असलेला धाकटा म्हणतो मी तिकडे नेऊन विकतो आणि तीन वाटे करू. मला काहीच सुचत नाही. आई यात काही बोलत नाही. घड्याळ खरं आहे का, त्याची किंमत काय, आणि आम्ही करावं काय? फोटो जोडले आहेत.

एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई,

आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. घड्याळजींना आत्ताच फोन लावा आणि सांगा की घड्याळाला हात लावू नका, मी घ्यायला येते. पॉलिश नको, तबकडी रंगवायची नाही, काटे किंवा चावी बदलायची नाही. काम सुरू केलं असेल तर काढलेला बारीकसारीक भागसुद्धा पुडीत बांधून परत घ्या.

तुमच्या घड्याळजींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मुंबईत जुन्या तबकड्या नव्याने रंगवणाऱ्या कारागिरांनी मोठं काम केलं आहे. आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग मिळत नव्हते, तेव्हा सामान्य माणसाची घड्याळं त्यांनीच चालती ठेवली. पण जुन्या घड्याळांच्या जागतिक बाजारात आज 'मुंबई स्पेशल' म्हटलं की घेणारा हात आखडता घेतो. नव्याने रंगवलेली तबकडी, किंवा दोन-तीन घड्याळांचे भाग जुळवून केलेलं एक, असा त्याचा अर्थ झाला आहे. रोज वापरायच्या घड्याळाला अशी दुरुस्ती खुशाल करावी. तुमच्या वडिलांच्या घड्याळाला मात्र नाही, कारण फोटोवरून मला दिसतं त्याप्रमाणे त्याची तबकडी अजून मूळचीच असण्याची चांगली शक्यता आहे, आणि या घड्याळाचं निम्मं मोल त्या तबकडीत आहे.

तुम्ही जवळून काढलेला दुसरा फोटो मोठा करून पाहा. कंपनीच्या नावाखाली 'जिनिव्हा' फ्रेंच पद्धतीने लिहिलं आहे, आणि त्यातल्या मधल्या 'ई'वर डावीकडून उजवीकडे उतरणारी एक बारीक तिरकी रेघ आहे. ती रेघ दिसते आहे, यावर मी बराच वेळ थांबलो. त्या काळी पाटेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीच्या चांगल्या तबकड्यांवर नाव छापत नसत. चांदीच्या पत्र्यावर अक्षरं कोरायची, त्या खाचांत काळ्या मिन्याची, म्हणजे मीनाकामातल्या काचेसारख्या रंगाची पूड भरायची, भट्टीत भाजायची, मग घासून सपाट करायची आणि वर रुपेरी मुलामा द्यायचा, अशी ती रीत होती. म्हणून सत्तर वर्षांनीही अक्षरं काळीभोर राहतात. ती तिरकी रेघ मात्र फार उथळ असते. कोणी तबकडी जोर लावून पुसली, घासली की सगळ्यात आधी तीच जाते, आणि मग सेकंदकाट्याच्या छोट्या वर्तुळातले बारीक आकडे. तुमच्याकडे दोन्ही शाबूत दिसतात.

दहापट भिंगातून पाहिलं तर फरक आणखी कळतो. मिन्याच्या अक्षराला अंग असतं, प्रकाश तिरका धरला की ते किंचित चमकतं, टोकं गोलसर असतात. नव्याने छापलेलं अक्षर सपाट, शाई पसरलेली, कडा कातरलेल्या. शिवाय तास दाखवणाऱ्या त्या सोन्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या नसतात. त्यांना मागे सुईएवढे पाय असतात, ते तबकडीच्या भोकांतून पलीकडे गेलेले असतात. तबकडी रंगवायची म्हणजे त्या सगळ्या उपटायच्या, आणि त्यात एखादा पाय मोडतोच. पिवळेपणाची काळजी सोडा. तो वयाचा रंग आहे आणि जाणकार माणूस त्यासाठी जास्त पैसे मोजतो.

मुलाला सांगा, हे लेडीज घड्याळ नाही. पाटेक फिलिपने १९३२ साली '९६' या क्रमांकाचं गोल, साधं, पातळ मनगटी घड्याळ काढलं. त्यालाच पुढे कालात्रावा म्हणू लागले, आणि त्याचा व्यास होता सुमारे ३१ मिलिमीटर. पुरुषाच्या औपचारिक घड्याळाचं ते तेव्हाचं नेहमीचं माप होतं. शर्टाच्या बाहीखाली निमूट जायचं आणि बघायची वेळ आली की दिसायचं, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित असे. तुमचं घड्याळ त्याच घराण्यातलं दिसतं. कंपनी १८३९ सालची, पाटेक नावाच्या पोलिश निर्वासिताने जिनिव्हात सुरू केलेली. वेगळी किल्ली न लावता बाजूचं बोंड फिरवून घड्याळाला ताण देण्याची युक्ती काढणारा फ्रेंच कारागीर फिलिप १८४५ मध्ये त्याला येऊन मिळाला. १९३२ मध्ये, जगभरच्या मंदीत, ती स्टर्न बंधूंनी विकत घेतली. गंमत अशी की स्टर्न हे मुळात तबकड्या बनवणारे, पाटेक फिलिपलाच तबकड्या पुरवणारे. आजही कंपनी त्याच घराण्याकडे आहे.

आता सराफाचं. 'हॉलमार्क नाही' म्हणजे आपला भारतीय हॉलमार्क नाही, आणि तो असण्याचं कारणच नाही. त्या काळच्या स्विस सोन्याच्या घड्याळावर सरकारी छाप असतो. १८ कॅरेटसाठी तो हेल्व्हेशियाच्या मुखवट्याचा, म्हणजे बाजूने दिसणाऱ्या एका स्त्रीच्या डोक्याचा. १९९५ पर्यंत तो चालला, मग त्याऐवजी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. तुमच्या घड्याळावर कुत्रा सापडला तर मात्र गोष्ट जुळत नाही, हे लक्षात ठेवा. छाप झाकणाच्या आत असतो, आणि बऱ्याचदा बाहेरही, पट्टा बसतो त्या चार कानांच्या मागे किंवा बाजूला. तिथला छाप तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. केस पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरली की सगळ्यात आधी तोच पुसट होतो, कानांच्या कडा गोल होतात, आणि घासून गेलेलं सोनं परत आणता येत नाही. पॉलिश नको म्हणतो ते यासाठी.

सराफाने कसोटीवर घासून पाहिलं नसावं अशी आशा आहे. पुन्हा कुणाकडे गेलात तर कसोटी लावू देऊ नका. कस पाहायचाच असेल तर मशीनवर, न घासता पाहता येतो. अशा पातळ घड्याळाच्या केसमध्ये सोनं साधारण दहा-वीस ग्रॅमच्या घरात, तेही १८ कॅरेटचं, म्हणजे शंभरात पंचाहत्तर भाग. त्याचा भाव सराफाने बरोबर सांगितला असेल, पण त्याने वस्तूची किंमत काढलीच नाही, धातूची काढली. या बाजारात धातू किती गौण आहे याचं एक उदाहरण देतो. पाटेक फिलिपचं '१५१८' नावाचं घड्याळ १९४१ मध्ये आलं. लीप वर्ष सांभाळणारी तारीख-वार-महिना आणि सोबत स्टॉपवॉच, असं ते. बहुतेक सगळी सोन्याची. स्टीलची फक्त चार माहीत आहेत. त्यातलं एक नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकला गेलं. सोन्याचं '१५१८' तोवर एवढ्याला कधीच गेलं नव्हतं.

हा आकडा ऐकून धाकट्या भावाने स्वप्नं रंगवू नयेत. तुमचं घड्याळ फक्त वेळ दाखवणारं, हाताने चावी द्यायचं आहे. अशी पाटेक फिलिपने अनेक वर्षं केली. अस्सल आणि न छेडलेलं असेल तर किंमत बहुतेक काही लाखांत जाईल, आणि त्याच नमुन्याचं रंगवलेल्या तबकडीचं, गोल झालेल्या कानांचं घड्याळ त्याच्या निम्म्यालाही उचललं जाणार नाही. यापेक्षा नेमका आकडा फोटोवरून सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून जपून राहा.

खरं आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न होता. फोटोतलं सगळं बाजूने आहे, पण खात्री झाकण उघडल्यावरच. झाकण दाबून बसवलेलं असतं, ते घरात सुरीने उघडू नका. एक ओरखडा कायमचा राहतो. जुन्या उच्च दर्जाच्या स्विस घड्याळांवर काम करणारा आणि तुमच्यासमोर उघडणारा माणूस शोधा. आत दोन वेगवेगळे नंबर दिसतील, एक मशीनवर, एक झाकणाच्या आतल्या बाजूला. दोन्हींचे स्वच्छ फोटो घ्या, छापांचेही घ्या. हे नंबर घेऊन जिनिव्हाच्या कंपनीकडे त्यांच्या संकेतस्थळावरून दफ्तराचा उतारा मागता येतो. त्यांच्या वह्या पहिल्यापासून जपलेल्या आहेत. उताऱ्यात घड्याळ कधी बनलं, कधी विकलं गेलं, मशीन कोणतं, केस कशाची, तबकडी कशी, एवढं येतं. विकत घेणाऱ्याचं नाव येत नाही, म्हणजे आजोबांच्या पेशंटचा पत्ता त्यातून लागणार नाही. उतारा म्हणजे अस्सलपणाचा दाखलाही नव्हे. पण मशीन आणि केस एकाच घड्याळाची आहेत की कुणी मध्ये जोडली, हे त्यातून कळतं, आणि विकायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच येतो. शुल्क हलकं नाही, तरी हा खर्च करा. तिघांनी वाटून करा.

आणि हे नंबर कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा टाकू नका. खरे नंबर खोट्या घड्याळांवर कोरणारे लोक आहेत.

वडिलांचा जुना पट्टा फेकला नसेल तर बक्कल तपासा. मूळ बक्कल सोन्याचं, आतून कंपनीची अक्षरं असलेलं असू शकतं. डबी, पावती, आजोबांच्या कागदांतलं एखादं पत्र, लग्नात वडिलांच्या मनगटावर घड्याळ दिसणारा फोटो, जे सापडेल ते एका पाकिटात ठेवा. तबकडीवर कंपनीशिवाय आणखी एखाद्या दुकानाचं नाव असेल तर तेही सांगा. काही मोठे विक्रेते आपलं नाव घालून घेत आणि त्याने किंमत वाढते.

तासाभराने थांबतं म्हणून पुन्हा पुन्हा चावी देऊन बघू नका. आतलं तेल वर्षानुवर्षांत वाळून चिकट होतं, आणि कोरड्या मशीनमध्ये बारीक खुंट्या झिजतात. थांबलेलं घड्याळ वर्षभर थांबून राहिलं तरी काही बिघडत नाही. सर्व्हिसिंग करायचंच ठरलं तर लेखी द्या: केस पॉलिश करायची नाही, तबकडी आणि काटे बदलायचे नाहीत, काढलेला प्रत्येक भाग परत हवा. कंपनीकडे पाठवलं तरी हेच लिहून द्या. कंपनी आपली जुन्यात जुनी घड्याळंसुद्धा दुरुस्त करते, पण त्यांनाही ते नव्यासारखं करण्याचा मोह होऊ शकतो. पावसाळ्यात घालू नका, त्याला पाणी अजिबात चालत नाही, घामसुद्धा नाही. कपाटात ठेवताना सिलिका जेलची पुडी सोबत ठेवा, आणि मोबाइल, स्पीकर, चुंबकाच्या बटणाची पर्स यांच्याजवळ नको.

आता तुम्ही ओझरतं लिहिलंत त्या वाक्याकडे येतो: 'आई यात काही बोलत नाही.'

धाकटा तीन वाटे म्हणतो. वाटे चार आहेत. घड्याळ आजोबांनी वडिलांना दिलेलं, म्हणजे ते वडिलांचं स्वतःचं. ते मृत्युपत्र न करता गेले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी, मुलगे आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा. आईचा हक्क तुमच्या तिघांपैकी कुणाहूनही कमी नाही. कायदा बाजूला ठेवला तरी तिच्या लग्नात नवऱ्याच्या हातावर चढलेलं हे घड्याळ आहे, आणि त्याचं काय करायचं हे मुलं तिच्यासमोर ठरवत आहेत. ती गप्प आहे म्हणजे तिची संमती आहे असं धरू नका. मुलांत वाद नको म्हणून ती गप्प असेल, असं मला जास्त वाटतं.

घड्याळ घरी आणलंत की ते आधी आईच्या हातात द्या, भावांचा विषय न काढता. पेशंट कोण होता, आजोबा ते रोज घालत का सणावारी, वडिलांनी घालणं केव्हा बंद केलं, हे विचारा. तारखा, नावं निघतील त्या लिहून ठेवा. उताऱ्यातली विक्रीची तारीख आणि आईने सांगितलेली हकीकत जुळली तर तुमच्याकडे नुसतं घड्याळ नाही, त्याचा माग आहे. मग सरळ विचारा, आई, तुला काय वाटतं? ती ठेवा म्हणाली तर निदान तिच्या हयातीत विषय संपला, आणि तो संपवण्याची जबाबदारी तुमची, कारण तिघा भावंडांत तुमचंच मन अजून एका बाजूला गेलेलं नाही.

तिने तुमच्यावर सोपवलं, तर माझं मत थोरल्याच्या बाजूचं आहे, पण फुकट नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून लेखी मूल्यांकन घ्या. त्यातलं एक लिलावगृहाचं असू द्या, जिनिव्हाच्या मोठ्या लिलावगृहांकडे फोटो पाठवून अंदाज मागता येतो, आणि मुंबईतही आता घड्याळांचे लिलाव होतात. ज्या दुकानदाराला ते विकत घ्यायचं आहे त्याचा आकडा मूल्यांकन म्हणून धरू नका. मग थोरल्याने ते स्वतःकडे ठेवून इतरांचा हिस्सा हप्त्याने द्यावा, आणि चौघांच्या सहीचा एक कागद करावा: घड्याळ कुणाकडे, किती रक्कम ठरली, आणि पुढे कधी विकलं तर आधी कुणाला विचारायचं. 'आळीपाळीने वर्षभर प्रत्येकाकडे' ही तडजोड करू नका. ऐकायला गोड वाटते, पण प्रत्येक हस्तांतरात एक ओरखडा आणि एक संशय वाढतो.

विकायचंच ठरलं तर धाकट्याने ते मनगटावर घालून दुबईच्या विमानात बसू नये. निघताना विमानतळावर कस्टम्सकडे दाखवून वस्तूची नोंद करून घ्यायची असते, फोटो आणि नंबरसह. त्यांचा दाखला नसेल आणि घड्याळ न विकता परत आणलं, तर ते बाहेरून खरेदी केलेलं धरून त्यावर शुल्क मागितलं जाऊ शकतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेणं पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात अडकतं. तुमचं घड्याळ पन्नाशीच्या दशकातलं असेल तर ती अडचण नाही, पण उताऱ्यात तारीख पाहूनच खात्री करा. विक्रीच्या पैशांवरच्या कराचं सीएला आधीच विचारा. सोन्याचं घड्याळ घरगुती वापराची वस्तू धरायची की दागिना, यावर हिशोब बदलतो. आणि लिलावगृह विकणाऱ्याकडूनही कमिशन कापतं. तो आकडा, विमा आणि पाठवणीचा खर्च कागदावर घेतल्याशिवाय घड्याळ त्यांच्या ताब्यात देऊ नका.

झाकण उघडल्यावर आतल्या छापांचे फोटो मला पाठवा, नंबर मात्र झाकून. हेल्व्हेशियाचं डोकं आणि तिच्याजवळचं बारीक अक्षर मला नीट पाहायचं आहे.